नावापुरती नाव

पाण्याविषयी खानदेशी मनुष्याच्या अंतःकरणात जी भावना वसत असते ती भक्तीची असते, भीतीची असते, प्रसंगी भाऊबंदकीचीही असते; परंतु पाण्यावर बसून चार घटका विहार करावा अशी वासना तेथे उद्भवल्याचे उदाहरण मामलेदार कचेरीतल्या माझ्या छत्तीस वर्षांच्या चाकरीत माझ्या दृष्टोत्पत्तीस आले नव्हते. पाणी दिसले की ते कोणाच्या शेतात न्यायचे, त्याच्या किती पाळ्या मिळतील, आणि शेजाऱ्याने रातोरात बारे फोडले तर फिर्याद कोठे गुदरायची, हे तीनच प्रश्न आमच्याकडे उपस्थित होतात, आणि तेही याच क्रमाने. आमच्या धुळे जिल्ह्यात पांझरेच्या काठाने जी फड पद्धत काही शतके चालत आली आहे, जिच्यात बंधाऱ्याखालची जमीन फडांत विभागून एका फडात सर्वांनी मिळून एकच पीक घ्यायचे आणि नेमलेल्या माणसांकरवी पाण्याची वाटणी करायची असा रिवाज आहे, ती पाहावयास दूरदूरचे विद्वान येतात आणि वह्या भरभरून टिपणे घेऊन जातात. त्या पद्धतीत पाटकरी आहे, हवालदार आहे, जागल्या आहे. नावाडी तेवढा नाही. पाण्याला अडवणारा, वळवणारा, मोजणारा आणि राखणारा असे चारही प्रकारचे पुरुष ज्या मुलखाने निर्माण केले, त्याने पाण्यावर तरंगणारा पुरुष निर्माण करण्याची तसदी घेतली नाही.

यात मुलखाचा दोष आहे असे मला वाटत नाही. तापी ही मुलताईस उगम पावून सव्वासातशे किलोमीटरांचा पल्ला तोडून सुरतेजवळ समुद्रास मिळते खरी, पण आमच्या प्रदेशातून जाताना ती कोठे खडकावरून धावते, कोठे डोहात बसते, आणि वैशाखात तर काही ठिकाणी ती आहे की नाही याचा पंचनामा करावा लागतो. काठचे भोई आणि कोळी मासे धरतात. पण त्यांतले कित्येकजण ट्रकच्या फुगवलेल्या ट्यूबवर बसून, दोन्ही हातांनी पाणी मारीत जाळ्यापर्यंत जातात, आणि त्या ट्यूबचा व कोणत्याही नौकानयनशास्त्राचा संबंध जोडता येत नाही. १८७२ साली पांझरेला महापूर येऊन धुळे शहराची दाणादाण उडाली, तेव्हासुद्धा आमच्या पूर्वजांनी त्यापासून जो बोध घेतला तो घर चार हात उंचावर बांधण्याचा घेतला. दारात एखादी होडी बांधून ठेवावी असे त्यांपैकी कोणाच्या मनात आल्याची नोंद नाही.

अशा या मुलखात माझ्या साडूंनी नाव विकत घेतली.

साडूभाऊंना आम्ही सर्व नातलग नाना म्हणतो. राहणे जळगावास, केळीची बाग रावेर तालुक्यात, हतनूर धरणाच्या फुगवट्यापासून दोन शेते अलीकडे; स्वभाव सढळ, खिसा त्याहून थोडा कमी सढळ, आणि एखादी कल्पना डोक्यात शिरली की ती डोक्यातून जाईपर्यंत स्वतः न झोपणारा आणि दुसऱ्यासही झोपू न देणारा असा हा गृहस्थ. मागे एकदा ते मुंबईस मुलाकडे गेले असता मुलाने त्यांना भाऊच्या धक्क्यावरून लाँचने पलीकडे रेवसला नेऊन आणले. त्या एका फेरीत काय झाले ते ईश्वर जाणे. परत आल्यावर मला त्यांनी जे पत्र धाडले त्यात कुशलवृत्त एका ओळीचे होते आणि उरलेला मजकूर असा होता, की हतनूरचा एवढा अफाट जलाशय घरापाशी असताना, आणि हिवाळ्यात तेथे देशोदेशींचे पक्षी हजारो कोसांवरून येत असताना, आपण काठावर उभे राहून टाचा उंचावून पाहावे ही गोष्ट मनुष्यजन्मास लाज आणणारी आहे.

नवी नाव घेण्याचा विचार नानांनी केला नाही. नवी वस्तू घेणे हे त्यांच्या मते पैसेवाल्यांचे काम आहे, शहाण्याचे नव्हे. शहाण्याचे काम म्हणजे जुन्या वस्तूतली खोड ओळखून तिचा भाव पाडणे. आणि खोड ओळखण्याची विद्या आपल्या वंशात आहे अशी त्यांची खात्री. सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेत तापीकाठी घोड्यांचा जो बाजार भरतो, तेथे नानांचे वडील घोड्याच्या अंगावरचे भोवरे पाहून त्याच्या मालकाचे भविष्य सांगत असत म्हणे. स्वतः नानांनी आयुष्यात घोडा घेतला नाही. बैल मात्र पुष्कळ घेतले, आणि दात, वशिंड, खूर व चाल यांखेरीज पाचवी गोष्ट पाहावी लागेल असा बैल अजून जन्मास आला नाही असे ते म्हणत. तेव्हा नाव म्हणजे तरी काय? चार पाय नसलेला बैल. हे वाक्य त्यांचेच. मला बरोबर नेण्याचे कारण एवढेच, की कागदपत्रे वाचावयास घरचा एक निवृत्त अव्वल कारकून फुकट मिळत होता.

ज्या बंदरावर आम्ही गेलो त्याचे नाव सांगत नाही. विकणारा अजून तेथेच आहे आणि मीही अजून या जगातच आहे. आम्ही पोहोचलो तेव्हा खाडीत पाणी नव्हते. चिखलात दहापाच होड्या कुशीवर निजल्या होत्या आणि खेकडे त्यांच्या पोटाखालून ये-जा करीत होते. नाना थबकले. एवढा प्रवास करून आलो ते कोकणातही दुष्काळ पाहावयास, असा भाव त्यांच्या मुद्रेवर स्पष्ट उमटला. मालकाने सांगितले की ओहोटी आहे, दुपारी भरती येईल, मग रात्री पुन्हा येईल. नानांनी हे दोनदा विचारून घेतले. "म्हणजे रोज दोनदा पाणी येतं?" मालक म्हणाला, रोज. "न चुकता?" न चुकता. "आप्पा," माझा दंड धरून नाना हलक्या आवाजात म्हणाले, "आपल्या नळाला चार-चार दिवस पाणी येत नाही हो!" यानंतर त्या गावावर त्यांचा जो विश्वास बसला, त्याच विश्वासाच्या भरात पुढचा सगळा व्यवहार झाला असे माझे प्रामाणिक मत आहे.

नाव एकोणीस फुटी. फायबरची, म्हणजे काचेच्या तंतूंचे कापड राळेत भिजवून साच्यात थरावर थर बसवून केलेली. मूळची आखाती देशातल्या कोणा हौशी साहेबाची, मग मुंबईच्या एका व्यापाऱ्याची, मग आणखी कोणाची. सातबाऱ्यावर फेरफार व्हावेत तशी तिच्यावर मालकी चढत-उतरत गेलेली होती. तिचा प्रकार असा, की सुकाणूचे चाक, कळा आणि तबकड्या यांची एक उभी पेटी नावेच्या बरोबर मध्यभागी असते आणि तिच्या चारही अंगांनी मोकळी जागा राहते. अमेरिकेत गळ टाकून मासे धरणाऱ्यांना हा प्रकार फार प्रिय आहे, कारण मासा गळाला लागल्यावर तो ज्या दिशेस पळेल त्या दिशेस धरणाऱ्यालाही नावेच्या कडेकडेने प्रदक्षिणा घालता येते. नानांना मासे वर्ज्य. घराण्यात माळ आहे. परंतु मध्यभागी उभे राहून चोहीकडे पाहता येईल ही कल्पना त्यांस विलक्षण मानवली. वाड्याच्या चौकात तुळशीवृंदावन असावे तशी ती पेटी होती, आणि नानांनी तिला चुकून एक प्रदक्षिणाही घातली.

मग परीक्षा सुरू झाली. नानांनी नावेच्या नाकापासून आरंभ केला आणि बोटांच्या पेरांनी टिचक्या मारीत, कान लावून, डांगर पारखणाऱ्या बागवानाच्या तन्मयतेने ते मागे सरकत गेले. मी मनात हसत होतो. पुढे चौकशीअंती कळले की जाणते लोक जुनी फायबरची नाव अगदी अशीच पाहतात: लहान हातोडीने ठोकीत जायचे, आवाज खणखणीत आला तर थर शाबूत, बदबद आला तर आतल्या लाकडात पाणी मुरलेले. म्हणजे विद्या खरी होती. घात झाला तो निराळ्याच ठिकाणी. नावेची मागची उभी फळी, जिच्यावर इंजिनाचा सगळा भार टांगलेला असतो आणि जिच्या पोटात या जुन्या नावांना प्लायवूड असते, तिच्यावर मालकाने वाळवण्याच्या निमित्ताने एक भलेमोठे जाळे पसरून ठेवले होते. जाळे ओले होते, वास उग्र होता, आणि नानांच्या गळ्यात माळ होती. टिचक्यांची पाळी तेथपर्यंत येऊन थांबली. झूल पांघरलेले जनावर घेऊ नये हे बैलबाजारातले पहिले सूत्र. जाळे हीही एक झूलच, हे मात्र आम्हां दोघांपैकी कोणासही सुचले नाही.

भाव ठरला तो उपरण्याखाली. जनावरांच्या बाजारात दलाल रुमालाखाली बोटे दाबून किंमत सांगतात, ती रीत नानांनी तेथे योजिली; मालकाला तिचा गंध नसल्यामुळे एक अनोळखी गृहस्थ आपला हात कापडाखाली धरून का दाबीत आहे याचा त्यास उलगडा होईना, आणि त्या गोंधळात त्याने पाच हजार रुपये कमी केले. निघताना त्याने कागदाच्या पुडीत बांधलेली एक वस्तू नानांच्या हाती दिली. लिंबाएवढे पितळी बूच होते. नावेच्या बुडाशी मागच्या बाजूस एक भोक असते, नाव जमिनीवर असताना आत साठलेले पाणी त्यातून निघून जाते, आणि नाव पाण्यात घालण्यापूर्वी हे बूच त्यात पिळून बसवायचे असते. हे हरवू नका, साऱ्या नावेत मोलाची वस्तू ही, असे तो म्हणाला. नानांनी ते बूच कोटाच्या आतल्या खिशात, पाकिटाच्याही खाली ठेवले. प्रवासात त्यांनी तीनदा छातीला हात लावला, तो पाकिटासाठी नव्हता.

नाव ट्रकवर चढली. बिल्टीवर 'मालाचे नाव' या रकान्यापुढे कारकुनाने 'नाव' असे लिहिले, तेव्हा खुलासा व्हावा म्हणून मी 'होडी' लिहावयास सुचविले. तो म्हणाला, नाव लिहायचे असते म्हणूनच नाव लिहिले, आणि या युक्तिवादास माझ्यापाशी उत्तर नव्हते. कसाऱ्याचा घाट, मग इगतपुरी, मग चांदवडपुढचा राहूडचा घाट असे चढत-उतरत ते जलयान मालेगाव ओलांडून रात्री धुळ्यास आले. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग ज्या गावी एकमेकांस छेदतात तेथे जन्म काढल्यामुळे रस्त्यावरून जाणाऱ्या वस्तूंचे आम्हां धुळेकरांस सहसा नवल वाटत नाही. पवनचक्कीची पाती आम्ही पाहिली आहेत, रणगाडे पाहिले आहेत. पण ड्रायव्हरला विश्रांती हवी म्हणून ट्रक आमच्या घराजवळ उभा राहिला, आणि आमच्या धुळ्याच्या जुन्या पेठेतल्या गल्ल्या कितीही सरळ रेषेत आखलेल्या असल्या, क्रमांक लावून मांडलेल्या असल्या, तरी त्यांपैकी एकीच्या तोंडाशी एकोणीस फुटी नाव येऊन बसल्यावर सकाळी दुधाच्या वेळेस व्हायचे तेच झाले. नित्याचे फिरावयास जाणारे एक वृद्ध गृहस्थ काठी टेकून उभे राहिले.

"हाई काय शे, भो?"

"नाव शे, बाबा," मी म्हणालो.

त्यांनी नावेकडे पाहिले, आकाशाकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. "आते पानी कथं शे?"

मी या प्रश्नाचा आजवर अनेक वेळा विचार केला आहे. पाणी कोठे आहे, असे विचारून ते थांबले नाहीत. इंजिनाकडे काठी दाखवून त्यांनी दुसरा प्रश्न केला, आणि हा दुसरा प्रश्न त्या दिवसापासून आजतागायत नानांना भेटलेल्या प्रत्येक मनुष्याने केला आहे: हे विहिरीवर चालेल का?

चालत नाही. या इंजिनाची रचनाच अशी, की पाण्याबाहेर ते फार वेळ जगत नाही. ज्या पाण्यात त्याचा पाय बुडालेला असतो तेच पाणी आत ओढून ते स्वतःस थंड ठेवते. कोरडे चालविले तर पाणी ओढणाऱ्या रबरी चक्रीची अल्पावधीत राख होते. नावेच्या मागे बाहेरून अडकवायचे हे यंत्र लोकप्रिय करणारा ओले एव्हिन्रूड हा मूळचा नॉर्वेचा, अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये वाढलेला कारागीर. १९०६च्या उन्हाळ्यात आपल्या वाग्दत्त वधूस आइस्क्रीम आणून देण्यासाठी त्याने तळ्यातून नाव वल्हवीत नेली आणि तो परत येईपर्यंत आइस्क्रीमचे दूध झाले. त्या उद्वेगातून त्याला हे यंत्र सुचले आणि १९०९ पासून ते विक्रीस आले, अशी आख्यायिका सांगतात. मला ती खरी वाटते. पण आइस्क्रीम वितळले म्हणून ज्याने यंत्र काढले त्या सत्पुरुषास वैशाखातले जळगाव ठाऊक नव्हते. येथे पारा पंचेचाळीस अंशांना शिवतो, आणि येथे त्याला प्रथम एखादे निराळेच यंत्र सुचले असते.

नाव जळगावास पोहोचली त्याच्या तिसऱ्या दिवशी आखाजी होती. अक्षय्यतृतीयेस आम्ही आखाजी म्हणतो. लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, आमरस-पुरणपोळीचे जेवण होते, आणि पितरांच्या नावाने घागर भरून तिच्यावर खरबूज ठेवून पुजतात. असा मुहूर्त पुन्हा येणे नाही म्हणून इंजिन त्याच दिवशी सुरू करावे असे नानांनी ठरविले. त्यासाठी इंजिनाचा पाय बुडेल असे भांडे हवे. घरात असे भांडे एकच होते: दोनशे लिटरचे निळे पिंप, जे वहिनींनी आदल्या रात्री, चौथ्या दिवशी आलेल्या नळाशी दीड वाजेपर्यंत जागरण करून, पाव्हण्यारावळ्यांसाठी काठोकाठ भरून ठेवले होते. वहिनी माझ्या पत्नीच्या थोरल्या भगिनी. त्यांची वाणी मृदू आहे आणि तिचा धाक मोठा आहे. त्या स्वयंपाकघरात पुरण वाटीत आहेत अशी खात्री करून घेऊन नानांनी, मी आणि त्याच दिवशी नव्या वर्षाच्या करारावर रुजू झालेल्या सालदाराने, तिघांनी मिळून ते पिंप विटांच्या ओट्यावर चढवून इंजिनाखाली सरकविले. पेट्रोलात तेल पन्नासाला एक या प्रमाणात मिसळले. जुन्या स्कूटरी चालविलेल्या आमच्या पिढीला हे प्रमाण संध्येच्या मंत्रांपेक्षा अधिक पाठ आहे. दोरी ओढली. पाचव्या ओढीस इंजिन बोलू लागले.

तो आवाज ऐकून नानांच्या डोळ्यांत पाणी आले हे मी स्वतः पाहिले आहे. इंजिनाच्या कुशीतून पाण्याची एक बारीक धार उडू लागली, म्हणजे यंत्राने पाणी ओढले, हे सुलक्षण. येथे थांबायला हवे होते. परंतु चाल पाहिल्याशिवाय बैल घेऊ नये हे तत्त्व कोकणात ओहोटीमुळे पाळता आले नव्हते, ते आता पाळावे असे नानांच्या मनाने घेतले आणि त्यांनी मधल्या पेटीवरची कळ पुढे सारली.

पंखा फिरला. पिंपातले दोनशे लिटर पाणी किती निमिषांत बाहेर आले हे मोजण्यास कोणी शुद्धीवर नव्हते. त्यातले काही ओसरीवर गेले, काही वाळत घातलेल्या गव्हावर, काही भिंतीपलीकडे शेजाऱ्यांच्या अंगणात, आणि सर्वांत मोठा लोट पूजेच्या घागरीवर जाऊन आदळला. तिच्यावरचे खरबूज घरंगळत फाटकापर्यंत आले. शेजाऱ्यांचे करावे तितके कौतुक थोडे आहे. त्यांनी भांडण काढले, पण मागाहून. आधी त्यांनी बादल्या आणल्या. वहिनी दारात आल्या. हाताला पुरण होते. पिंपाकडे, मग यंत्राकडे, मग माझ्याकडे पाहून त्या एवढेच म्हणाल्या, "भाऊजी, पितरांना तांब्याभर पाणी पुरतं. याला किती लागतं ते एकदा विचारून ठेवा." त्या दिवशी घरात आमरस मुबलक होता, पाणी शेजारून आले.

यानंतरचे चार महिने कचेऱ्यांत गेले. त्यांचा तपशील देत नाही. त्या वाटेने मी आयुष्यभर लोकांना हेलपाटे घालावयास लावले आहेत, आणि ते ऋण व्याजासह फेडले एवढे सांगितले म्हणजे पुरे. एका कचेरीने कळविले की पाणी आमच्या अखत्यारीत आहे, पण नाव नाही. दुसरीने कळविले की नावा आमच्या अखत्यारीत आहेत, पण त्या समुद्रातल्या. तिसऱ्या कचेरीतले गृहस्थ सज्जन होते. त्यांनी सांगितले की अंतर्गत जलमार्गांवरच्या नौकांना १९१७चा कायदा लागू असे, तो जाऊन आता २०२१चा आला आहे, तेव्हा आपली नाव जुन्या कायद्याहून तरुण आणि नव्याहून थोर असल्यामुळे आपला अर्ज कोणत्या मसुद्यात बसवावा याचा विचार चालू आहे. गावच्या एका हुशार मंडळीने ती सातबाऱ्याच्या 'इतर हक्कां'त लावून घ्यावी असे सुचविले. एवढ्या काळात नाव नानांच्या अंगणात उभी होती. पोळा आला, बैल विकून ट्रॅक्टर घेतल्याला दोन वर्षे झाली होती, झूल आणि घुंगरांची माळ नुसतीच पेटीत पडून होती, सालदाराने ती काढून नावेवर घातली आणि वहिनींनी, राग विसरून, तिला नैवेद्य दाखविला. नावापुरती का होईना, ती घरची झाली होती.

अखेर एका तात्पुरत्या नाहरकतीवर एक दिवसाची मुभा मिळाली. दसऱ्याचा मुहूर्त धरला; धरणाचे दरवाजे पावसाळा सरल्यावर बंद होऊन फुगवटा तुडुंब भरला होता. हतनूरला एक्केचाळीस दरवाजे आहेत आणि पावसाळ्यात ते उघडल्याच्या बातमीने काठची गावे जागी होतात. त्या दिवशी मात्र पाणी आरशासारखे निवांत होते. ट्रॅक्टरची ट्रॉली उलटी पाण्यात नेली. नाना मधल्या पेटीशी, एक हात चाकावर, डोक्यास फेटा. मी पुढे, हातात आपट्याची पाने. सालदार काठावर, कारण त्याने येण्यास नम्रपणे नकार दिला होता. नाव अलगद तरंगली. सीमोल्लंघन झाले. त्या क्षणाचे सुख मी नाकारणार नाही: पाण्यावर आपण आहोत आणि पाणी आपल्याखाली मुकाट आहे, ही जाणीव मुलखाच्या साऱ्या इतिहासाविरुद्ध होती आणि म्हणूनच फार गोड होती. दूरवर पाणपक्ष्यांचा एक थवा उतरत होता. नाना काही बोलत नव्हते. ते पायांकडे पाहत होते.

ट्यूबवर बसून जाळे सोडणारा एक भोई बराच वेळ आमच्याकडे पाहत होता, तो संथपणे, कोणाची मेजवानी बिघडू नये अशा आदबीने म्हणाला, "नाना, नाव बुडू राह्यली हो."

नानांनी छातीला हात लावला. आतल्या खिशात बूच नव्हते. असणार कसे? साऱ्या नावेत मोलाची वस्तू ही, असे मालकाने बजावल्याचे नानांनी घरी जसेच्या तसे सांगितले होते, आणि वहिनींनी त्याच दिवशी ते पितळी बूच मखमलीच्या डबीत घालून आपल्या पाटल्यांशेजारी तिजोरीत, जळगावास, कुलूपबंद ठेवले होते.

अमेरिकेतल्या एका नौकाकाराने १९६१ साली आपल्या फायबरच्या नावेचा गुण दाखविण्यासाठी ती करवतीने मधोमध कापविली आणि उरलेल्या अर्ध्या भागात बसून तो इंजिन चालवीत निघून गेला. लाइफ मासिकाने त्याची चित्रे छापली. त्याच्या नावेच्या दोन थरांमध्ये फेस भरलेला होता. आमच्या नावेच्या थरांमध्ये काय भरले होते ते पुढे दिसायचे होते. तूर्त ती मागून बसत चालली, नाक वर उचलीत गेली, आणि आता काय होणार अशा विचारात मी देवाचे नाव शोधीत असता एकाएकी, मऊपणे, थांबली. गाळ! हतनूरमध्ये गाळ किती साठला आहे याविषयी वर्तमानपत्रांतून जी ओरड होत असते तीत मीही दोन पत्रे लिहून भर घातली आहे. ती पत्रे मी येथे परत घेतो. कमरेइतक्या पाण्यात, गाळाच्या गादीवर, फेटा न भिजता नाना उभे होते. भोई ट्यूब ढकलीत आला आणि त्याने आम्हांस एकेक करून काठास नेले. भाडे त्याने घेतले नाही. आपट्याची पाने घेतली.

ट्रॅक्टरने नाव ओढून काढली तेव्हा इंजिन, जे मागच्या फळीवर ताठ उभे असायचे, ते मान टाकलेल्या कोंबड्यासारखे एका अंगास कलले होते. गावच्या सुताराने फळीवर हातोडी मारली. बदबद. गिरमिटाने भोक पाडले. आतून तपकिरी पाणी आणि कुजलेल्या कडब्यासारखा लगदा बाहेर आला. जाळे ओले का होते ते नानांना त्या वेळी कळले. त्यांनी कोकणातल्या त्या मालकास शिवी दिली नाही. "आपण झूल उचलून पाहिली नाही, आप्पा," एवढेच ते म्हणाले, आणि मला वाटते बैलबाजारात वाढलेल्या माणसाला दुसरे काही म्हणता आले नसते.

फळी नव्याने बसविण्याचा खर्च नावेच्या किमतीच्या निम्म्याहून अधिक निघाला. नावेला गिऱ्हाईक आले नाही. जे येत ते इंजिन विहिरीवर चालेल का विचारून जात. शेवटी सालदारानेच तोड काढली. त्याने केळीच्या बागेच्या चढाच्या बाजूस विटांचे सहा खांब उभारून नाव त्यांवर चढविली, कुजकी फळी सिमेंटाने लिंपली, विहिरीवरचा नळ तिच्या नाकावरून आत सोडला, आणि बुडाच्या त्या भोकात ठिबकच्या नळीची तोटी पक्की बसविली. मधली पेटी जागच्या जागी आहे. पाहुणे आले की नाना चाकाशी उभे राहून त्यांना बाग दाखवितात. तेथून चोहीकडे चांगले दिसते.

सालदाराने बादलीने मोजले त्याप्रमाणे नावेत एका वेळी २,००० लिटर पाणी मावते. केळीला ऐन उन्हाळ्यात झाडामागे दिवसाला वीसेक लिटर लागते. म्हणजे शंभर झाडांची एक दिवसाची पाळी निघते. बूच अद्याप तिजोरीतच आहे.